‘हेमाडपंती’ म्हणजे नेमकं काय? मंदिराची शैली, काळ की बांधायची पद्धत?

गोदाकाठ

महाराष्ट्रात काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की त्याला ‘हेमाडपंती’ म्हणायची पद्धत आहे. गावच्या कमानीवर ‘पुरातन हेमाडपंती मंदिर’ लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा त्याच ओळीत ‘पांडवकालीन’ही असतं. वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात, पर्यटनाच्या पत्रकांतही तोच असतो. आता तर सिमेंट-काँक्रीटची नवी देवळंसुद्धा ‘हेमाडपंती शैलीत’ बांधली जातात.

हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री. महादेव यादव १२६० च्या सुमारास गादीवर आला आणि रामचंद्र १२७१ मध्ये. या दोघांच्या कारकिर्दीत हेमाद्री ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख होता. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीच्या या मंदिरालाही आपण हेमाडपंतीच म्हणतो.

माझं मत असं की हा शब्द शैली सांगत नाही आणि काळही सांगत नाही. तो फक्त बांधणी सांगतो. जाणकारांनी भर घालावी. एक व्यावहारिक प्रश्नही आहे. गावातल्या अशा मंदिरापुढे माहितीफलक लावायचा असेल, तर त्यावर काय लिहिलं म्हणजे ते खरं ठरेल?

मोडीवाचक

आधी शब्दाबद्दल. हेम + अद्री = हेमाद्री, सोन्याचा डोंगर, म्हणजे मेरू. बोलीत त्याचं ‘हेमाडि’ झालं. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या देणग्यांच्या शिलालेखात, ‘चौऱ्यांशीच्या लेखात’ (शके ११९५ ते ११९९), देणगीदारांमध्ये हेमाडि पंडिताचं नाव आहे, म्हणजे हे रूप त्याच्या हयातीतलंच. ‘पंडित’चा पुढे ‘पंत’ झाला, हेमाडि पंडिताचा हेमाडपंत झाला आणि त्याला ‘ई’ लागून ‘हेमाडपंती’. रामदासावरून रामदासी, तसंच.

म्हणून ‘हेमाडपंथी’ हे लेखन चूक. नाथपंथी, महानुभावपंथी हे शब्द बरोबर आहेत, कारण तिथे पंथ आहे. हेमाडपंताचा कुठलाही पंथ नव्हता. फलकांवर सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

केतकी_ठाणे

मोडीवाचक, मोडी लिपीसुद्धा हेमाडपंतानेच आणली असं म्हणतात ना? तीही लंकेहून?

मोडीवाचक

ती लोककथा, केतकीताई. हेमाडपंताने बिभीषणाला बरं केलं आणि बक्षीस म्हणून तिकडून लिपी आणली, देवळं बांधायला राक्षस आणले, अशा तिच्या अनेक तऱ्हा आहेत. वैद्याचा धागा मात्र अगदीच हवेतला नाही. हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली आहे. त्याचा मोठा ग्रंथ ‘चतुर्वर्गचिंतामणी’. त्यात व्रतं, दानं, तीर्थं वगैरे धर्मशास्त्राचा विषय आहे. व्रतखंडात देवतांच्या मूर्ती कशा असाव्यात याची वर्णनंही येतात. पण देऊळ कसं बांधावं याचा स्वतंत्र ग्रंथ त्याच्या नावावर नाही.

राज्यकारभारात त्याचा दरारा एवढा की जे जुनं, भक्कम आणि शिस्तीचं दिसलं ते लोकांनी त्याच्या नावावर घातलं. पत्रलेखनाचे मायने सांगणारं ‘मेस्तक’सुद्धा परंपरेने त्याचंच मानतात.

वऱ्हाडी_वाट

आमच्याकडे विदर्भात तर कमालच आहे. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची देवळंही कुणीतरी हेमाडपंती म्हणून सांगतं. त्यांची शिखरं, मूर्ती, जंघेवरच्या (बाहेरच्या भिंतीवरच्या) शिल्पांच्या रांगा सगळं मध्य भारतातल्या नागर, म्हणजे उत्तरेकडच्या मंदिरपरंपरेला जवळचं. खानदेशात अशाच बांधकामांना ‘गवळीराजाची’ म्हणतात. इतर कितीतरी गावांत ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला’. तिन्हींचा अर्थ एकच, आमच्या आठवणीच्या पलीकडचं. ब्रिटिश काळात गॅझेटियरवाल्यांनी यातला ‘हेमाडपंती’ उचलून छापला, म्हणून तो अभ्यासाचा शब्द झाला. बाकीचे दोन ओट्यावरच राहिले.

शिल्परेषा

गोदाकाठ यांच्या मताशी सहमत, पण ‘फक्त बांधणी’ म्हणजे काय ते उलगडून सांगायला हवं. नाहीतर ‘चुन्याशिवाय रचलेले दगड’ एवढ्यावर विषय संपतो आणि खरी कारागिरी नजरेतून सुटते.

हे काम बसाल्टचं, आपल्या काळ्या पाषाणाचं. वजन घनफुटाला साधारण ८० किलोच्या वर. आठ फूट लांब आणि दीड फूट बाय दीड फूट जाडीची एक तुळई म्हणजे १८ घनफूट, जवळजवळ दीड टन. अशा दगडाला जागेवर धरायला चुना लागत नाही, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. अट एकच. वरचा आणि खालचा दगड जिथे टेकतात ती पृष्ठं टाकीने (दगड घडवायच्या छिन्नीने) इतकी सपाट घडवायची की भार सगळीकडे सारखा उतरला पाहिजे. एक उंचवटा राहिला तरी सगळा भार त्या टोकावर येतो आणि दगड तिथून तडकतो. म्हणजे कौशल्य दिसणाऱ्या नक्षीइतकंच न दिसणाऱ्या सांध्यात आहे.

भिंत मात्र आरपार घडीव नसते. बाहेरचा थर घडीव, आतला घडीव, मध्ये दगडगोट्यांची भर. अधूनमधून लांब दगड आडवे घालून दोन्ही थर बांधलेले असतात. काही ठिकाणी शेजारच्या दोन दगडांत खाच पाडून लोखंडी पट्ट्याही बसवत.

आता छत. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. तुळईला भार आला की तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि तडा बरोबर मधोमध, खालून वर जातो. म्हणून खांब एकमेकांपासून फार लांब ठेवता येत नाहीत. मग आठ फुटांचा चौक झाकायचा कसा? चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी शिळा अशा ठेवायच्या की त्यांच्या कडा बाजूंच्या मध्यांना जोडतील. आत तिरका चौक उरतो, बाजू सुमारे ५ फूट ८ इंच. त्यावर पुन्हा तसेच चार त्रिकोण ठेवले की ४ फुटांचा सरळ चौक उरतो. प्रत्येक थराला उघडं क्षेत्र निम्मं होतं. शेवटी कमळ कोरलेली एक झाकणशिळा. सभामंडपात मान वर केल्यावर एकात एक फिरवलेले चौकोन दिसतात ते हेच.

गोलाकार छतात कड्यांवर कडी आत सरकवत नेतात. तिथे नियम असा की दगडाचा पुढे आलेला भाग मागच्या टेकलेल्या भागापेक्षा कमी हवा आणि मागचं शेपूट वरच्या थराने दाबलेलं हवं. शेपटावरचं वजन काढलं की पुढचं तोंड खाली येतं. दुरुस्तीच्या नावाखाली वरचे दगड उतरवताना छत कोसळतं ते यामुळेच.

चुनखडी

शिल्परेषा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. ओळखायची एक खूण जोडतो. पाचरीच्या दगडांची खरी कमान दिसली तर तो भाग नंतरचा. या बांधणीत दारावर सरळ पाट असतो किंवा थर पुढे सरकवत तोंड मिटवलेलं असतं.

चुना आहे की नाही हे बाहेरच्या दरजांवरून (दगडांमधल्या फटींवरून) ठरवू नका. बहुतेक देवळांच्या बाहेरच्या दरजा पुढे कधीतरी चुन्याने, हल्ली सिमेंटने भरलेल्या असतात. छताच्या आतल्या बाजूला, हस्ताच्या मागे, खांब आणि तुळई जिथे टेकतात तिथे बघा. मूळ सांधा हात न लागता तिथेच शिल्लक असतो.

केतकी_ठाणे

‘हस्त’ म्हणजे?

शिल्परेषा

खांब खालून वर वाचायचा. तळाला तळखडा. मग स्तंभदंड, तो आधी चौकोनी, मध्ये एक कोरीव चौक, वर अष्टकोनी आणि मग गोल होत जातो. त्यावर कणी, फलक आणि मग चारी दिशांना हात पसरल्यासारखा दगड, तो हस्त. त्यावर कीचक म्हणजे भार पेलणारे बुटके यक्ष किंवा नागाचा फणा कोरतात. हस्ताचं काम शोभेचं नाही. तो दोन्ही बाजूंनी पुढे येतो आणि तुळईचं अधांतरी अंतर तेवढं कमी करतो.

गोदाकाठ

उत्तम. म्हणजे बांधणीचं ठरलं. आता शैलीला काय म्हणायचं? पुस्तकांतून ‘भूमिज’ हा शब्द येतो.

शिल्परेषा

भूमिज हा शिखराचा प्रकार आहे. चारही बाजूंच्या मधोमध खालून वरपर्यंत एक सलग उभी पट्टी, तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या म्हणजे कूटांच्या आडव्या-उभ्या रांगा, माळेत मणी ओवल्यासारख्या. एक आडवी रांग म्हणजे एक भूमी. वर आमलक (आवळ्यासारखा कंगोरेदार गोल दगड) आणि कळस. अंबरनाथ, सिन्नरचं गोंदेश्वर, झोडग्याचं माणकेश्वर, रतनवाडीचं अमृतेश्वर ही या प्रकारची. गोंदेश्वर पंचायतन आहे, मधल्या मुख्य मंदिराभोवती चार लहान मंदिरं एकाच जगतीवर (चौथऱ्यावर). भूमिज म्हणजे काय ते डोळ्यांनी शिकायला याहून चांगली जागा नाही.

हा प्रकार महाराष्ट्रापुरता नाही. मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचं उदयेश्वर, परमार उदयादित्याचं, भूमिजचं मुख्य उदाहरण मानतात. ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे अंबरनाथचं समकालीन. फरक दगडाचा. तिथे वालुकाश्म, टाकीखाली लोण्यासारखा. इथे बसाल्ट, कठीण आणि ठिसूळ. आपल्याकडच्या खांबांवर शंकरपाळ्यांसारख्या भौमितिक नक्षीचा भर आहे त्यामागे दगडाचा हा स्वभावही आहे.

सह्यपायथा

इथे मी अडणार. भूमिज म्हणा, पण शिखरच नसेल तर? लोणारच्या दैत्यसूदनाचं शिखर आज नाही. अन्व्याच्या मंदिराचंही नाही. दोन्हींचा तळ तारकाकृती आणि अप्रतिम. औंढा नागनाथला खालचं कोरीव काम जुनं आणि वरचं शिखर नंतरचं, वेगळ्याच घडणीचं. अशा ठिकाणी ‘हेमाडपंती’ हाच शब्द उपयोगी पडतो, कारण जे शिल्लक आहे ते त्याने सांगता येतं. शब्द लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो हद्दपार करू नये.

वऱ्हाडी_वाट

हद्दपार कशाला? पण अभ्यासाच्या लेखनात ‘यादवकालीन’ म्हणावं, म्हणजे काळ तरी कळेल.

सह्यपायथा

‘यादवकालीन’ने घोटाळा वाढतो, दादा. अंबरनाथ उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. खिद्रापूरचं कोपेश्वर कोल्हापूरच्या शिलाहारांच्या मुलखातलं, तिथे यादव सिंघणाचा लेख आहे तो नंतरचा. शिवाय कोपेश्वरचे लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत गोल खांब आणि तळाची गजपट्टी (हत्तींची रांग) कर्नाटकाकडच्या परंपरेतली. पुढच्या स्वर्गमंडपाच्या छतातलं उघडं वर्तुळ तर दुसरीकडे क्वचितच दिसेल. कोपेश्वर आणि गोंदेश्वर शेजारी ठेवलीत तर शैली एक नाही, राजवटही एक नाही. तरी दोन्हींना लोक हेमाडपंती म्हणतात.

कुळागर

गोव्यातून एक भर. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरालाही इथे हेमाडपंती म्हणतात. ते कदंबांच्या राज्यातलं. आमचा मुलूख जांभ्याचा आणि हे देऊळ काळ्या बसाल्टचं, त्यामुळे ते जंगलात वेगळंच उठून दिसतं. आकाराने लहान, मंडपात कोरीव खांब आणि वर नक्षीचं छत. शिखराचा वरचा भाग नाही. हेमाद्रीचा त्याच्याशी संबंध जोडतात तो केवळ शब्दामुळे. कुणी एकदा हेमाडपंती म्हटलं की पुढचा म्हणतो, मग हेमाडपंतानेच बांधलं असणार. शब्दच इतिहास तयार करतो, याची मला जास्त काळजी वाटते.

न्यूजर्सीकर

थोडं अवांतर. ‘हेमाडपंत’ या नावाला अगदी अलीकडेही मान होता. शिर्डीच्या साईबाबांनी गोविंद रघुनाथ दाभोळकरांना हेच नाव दिलं होतं. त्यामुळे काही जणांना हेमाडपंती देवळं आणि शिर्डी यांचा संबंध आहे असं वाटतं. तो नाही.

बारवांनाही (पायऱ्यांच्या विहिरींनाही) हेमाडपंती म्हणतात, ते बरोबर का?

मराठवाडी_आड

बांधणीच्या अर्थाने बरोबर. मराठवाड्यातल्या जुन्या बारवा याच पद्धतीने चुन्याशिवाय रचलेल्या आहेत. पायऱ्या, मधले टप्पे, भिंतीतले देवकोष्ठ (मूर्तींचे कोनाडे) सगळं घडीव. बारवांना शिल्पग्रंथांतली स्वतंत्र नावं आहेत ती वापरली तर जास्त नेमकं होईल. उतरायला एका बाजूने वाट ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तिन्हींनी जया, चारी बाजूंनी विजया. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव मात्र या चौकटीत बसत नाही, तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात.

बारवेत चुना नसण्याचा फायदाही आहे. भिंतीमागचं पाणी दरजांतून झिरपून आत येतं, मागे दाब साठत नाही. जीर्णोद्धारात दरजा सिमेंटने बंद केल्या की पावसाळ्यात तोच दाब भिंतीला पोटाशी फुगवतो आणि दोन-चार वर्षांत थर बाहेर येतो.

चुनखडी

मराठवाडी_आड यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. ‘हेमाडपंती’चा अर्थ बांधणी असेल, तर ती बांधणी मोडली की शब्दही खोटा पडतो. जीर्णोद्धारात काय काय चुकतं ते इथेच लिहून ठेवतो.

सगळ्यांत घातक म्हणजे मंडपाच्या माथ्यावरचा कोबा. गळती थांबवायला सहा इंच सिमेंट ओततात. तेवढ्या जाडीचा भार चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास. वर आठ बाय आठ फुटांचा चौक सांगितला आहे, त्या एका चौकावर सुमारे दोन टन वाढतात, आणि तेही आधीच वाकाला कमजोर असलेल्या तुळयांवर. गळती त्याने थांबतही नाही. सिमेंटला तडे गेले की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही.

माथ्यावरून माती, गवत काढावं. दरजा साफ करून चुन्याने भराव्यात. प्रमाण मापाने एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. चुना निदान काही आठवडे पाण्याखाली भिजवून मुरलेला हवा. दरज जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट तरी खोल साफ करावी, वरवर लिंपलेला चुना पापुद्र्यासारखा सुटतो. नंतर ओलं गोणपाट लावून दहा-बारा दिवस ओलसर ठेवावं. ऐन उन्हाळ्यात हे काम काढू नये. चुना धरायच्या आत सुकतो आणि भुगा होतो.

पिंपळ ओढून काढू नका. मुळं भरीत शिरलेली असतात, ती दगडासकट बाहेर येतात. खोड कापावं, ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेट हे तणनाशक लावावं, मुळं सुकू द्यावीत आणि मग पोकळी भरावी.

लोखंडी पट्ट्या गंजून दगड फुटत असतील तर तिथे स्टेनलेस स्टील लागतं. ते काम मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खाचेची कड उडवतो.

केतकी_ठाणे

आणि ऑइल पेंट? लाल, निळ्या, सोनेरी रंगात बुडालेले कीचक बघवत नाहीत.

चुनखडी

रंग काढायला वाळूचा फवारा कधीही वापरू नये, टाकीचे मूळ घाव त्याबरोबर जातात. जेलसारखं रंग काढणारं द्रावण आधी कोपऱ्यात चार इंच बाय चार इंच जागेवर लावून बघावं. रंग फुगला की लाकडी पट्टी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही, अ‍ॅसिड नाही.

सह्यपायथा

आणखी एक. रस्ता दर वेळी उंच होत जातो, देवळाचं जोतं गाडलं जातं. पुढे चौथऱ्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवतात. जमिनीतली ओल मग वर यायला भिंतच शोधते. प्रणालाचं, म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीचं तोंडही बुजतं. जोत्याभोवती दोन-तीन फूट पट्टा खडीचा मोकळा सोडावा आणि उतार बाहेरच्या दिशेने ठेवावा.

काम काढण्याआधी मंदिर संरक्षित आहे का ते तपासायलाच हवं. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जावं लागतं.

वऱ्हाडी_वाट

गोदाकाठ यांचा फलक मागेच राहिला. माझं मत बदललं आहे. ‘यादवकालीन’ मी मागे घेतो, शिलालेख असेल तरच राजवट लिहावी.

शिल्परेषा

फलकावर चार गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. काळ आणि तो कशावरून ठरवला, बांधणी, शिखराचा प्रकार, नंतर झालेले बदल. नमुना देते:

‘शिवमंदिर. काळ अंदाजे १२ वे ते १३ वे शतक, कोरीव कामाच्या शैलीवरून. मंदिरात शिलालेख नाही. बांधणी काळ्या बसाल्टच्या घडीव दगडांची, चुन्याशिवाय; या पद्धतीला हेमाडपंती म्हणतात. गर्भगृह, अंतराळ (गाभारा व मंडप यांमधली जागा) व सभामंडप मूळचे. मूळ शिखर पडले असून आजचे विटा-चुन्याचे शिखर नंतरचे आहे. दगडांना रंग लावू नये, दरजांत सिमेंट भरू नये.’

शिखर मूळचं असेल तर तिथे ‘भूमिज शिखर’ लिहावं. हेमाद्रीचं नाव द्यायचंच असेल तर ‘यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली’ एवढंच. ‘त्याने बांधले’ असं नको.

गोदाकाठ

हाच नमुना घेतो. ‘पांडवकालीन’ गावकऱ्यांना हवंच असेल तर?

वऱ्हाडी_वाट

वेगळी ओळ द्यावी, ‘हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी गावात कथा आहे’. कथा म्हणून ती खरीच आहे, आणि तीही जपायला हवी.

मोडीवाचक

फलक रंगवायला देताना मजकूर टंकलिखित द्या आणि ‘पंती’खाली रेघ मारा. रंगारी सवयीने ‘पंथी’ काढतात. आणि फलक मंदिराच्या दगडाला ठोकू नका, अंगणात वेगळ्या खांबावर लावा.